गुरुवारचा किरण

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात पिंपरीच्या एका कारखान्यात ठरलं, की दोन इमारतींमधले आकडे आता उजेडावर न्यायचे. रस्त्याकडेच्या इमारतीत कंप्युटर होता आणि मालाचं कोठार मागच्या इमारतीत. मध्ये दुसऱ्याच कंपनीची ओतशाळा. तिचा मालक आपल्या जागेतून तार ओढू देईना, म्हणून आकड्यांची भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे जीपमध्ये घालून लांबच्या वळशाने न्यावे लागत. उजेडाला मात्र कोणाची परवानगी लागत नव्हती. एका गच्चीवरून लेझरची लाल तिरीप सोडायची, डोळ्याला कळणार नाही इतक्या झपाट्याने ती लुकलुकवायची, समोरच्या गच्चीवर भिंगाने झेलायची आणि त्या लुकलुकीचे पुन्हा आकडे करायचे. गठ्ठ्याचं काम चुटकीसरशी.

हे सगळं सुमेधाकडे होतं. चिंचवडची मुलगी, शिकून इंजिनियर झालेली, पण आवाज असा की शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये. दर गुरुवारी तिचा दत्ताचा उपास असे. त्या दिवशी अळणी खायचं आणि खोटं बोलायचं नाही, हा आईने घालून दिलेला नेम. तिच्या विभागाचे साहेब शरच्चंद्र केळशीकर. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, की मुख्य कचेरीने जोडणी पास केली तर हे काम कायमचं तिचं, नाहीतर परत मीटर तपासायच्या टेबलावर. त्या टेबलावर तिची उमेदीची वर्षं गेली होती.

औद्योगिक वसाहतीला वीज गुरुवारी बंद, म्हणून सगळ्या कारखान्यांची सुट्टीही गुरुवारी. गच्च्या मोकळ्या मिळतात, खाली कोणाची ये-जा नाही, कंपनीचा जनरेटर आहेच, असा विचार करून यंत्र बसवण्याचं आणि तपासण्याचं काम त्याच दिवशी चाले. फिटर इम्तियाज मदतीला असे. यंत्राची बैठक त्यानेच लेथवर कातली होती. गुरुवारमागून गुरुवार गेले, एक आकडा चुकला नाही.

मग शुक्रवारी कंप्युटर जोडला आणि आकड्यांचं भरीत झालं. शनिवारी तेच, सोमवारी तेच. पुढच्या गुरुवारी पुन्हा सगळं सुतासारखं सरळ.

"ताई, तुमच्या यंत्राचापण उपास असतोय गुरुवारी," इम्तियाज म्हणाला. "शुक्रवारी जेवतंय आणि आडवं होतंय."

ही गोष्ट कँटीनपर्यंत पोचली. लोक म्हणू लागले, बाईंच्या पुण्याईवर चालतंय. सुमेधा हसण्यावारी नेई, पण मनातल्या मनात तिलाही ते गोड लागत होतं. सर्किट तपासताना ती हळूच दत्तमहाराजांचं नाव घेई.

एका शुक्रवारी दुपारी तिने दुर्बिणीतून समोरची गच्ची पाहिली. भिंत थरथरत होती. पेटत्या शेगडीवरून पलीकडचं पाहावं तशी. तिने दुर्बीण खाली वळवली. ओतशाळेच्या पत्र्यावरून भट्टीची धग उठत होती, आणि किरण नेमका त्या धगीतून जात होता. गुरुवारी भट्टी थंड असते. इतकं साधं होतं ते. पुण्याईचा त्यात काही संबंध नव्हता, याचं तिला घटकाभर वाईट वाटलं.

तिने साहेबांना सांगितलं. किरण उंच खांबावरून नेऊन पाहावा लागेल, त्याला वेळ लागेल, असंही म्हणाली. साहेबांनी ऐकून घेतलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि मुख्य कचेरीच्या मुकुंदरावांना पाहणीसाठी गुरुवारी बोलावलं.

"तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही मी," ते म्हणाले. "तुम्ही बोलूच नका. बोलायला मी आहे."

गुरुवारी मुकुंदराव आले. अख्खी वसाहत निपचित पडली होती. आकडे इकडून गेले, तिकडे जसेच्या तसे उमटले. मुकुंदरावांनी दोनदा पाठवून पाहिले, मान डोलावली आणि सुमेधाकडे वळले.

"बाई, रोज असंच चालतं का?"

"यंत्राला वार थोडाच कळतो?" साहेब हसून म्हणाले.

मुकुंदराव तिच्याकडेच पाहत राहिले. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मीटरचं टेबल तिच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं.

"यंत्राला नाही कळत," ती म्हणाली. "भट्टीला कळतो. उद्या थांबलात तर दिसेल."

मुकुंदराव थांबले आणि शुक्रवारचं भरीत डोळ्यांनी पाहून मुंबईला गेले. आठवड्याने हुकूम आला. रोजची कार्डं जीपनेच जातील. आठवड्याची मोठी फाइल गुरुवारी किरणावरून पाठवावी. बाकीच्या दिवशी उंचावरून नेऊन काय होतं ते बाईंनी मोजत राहावं. काम कायम केल्याचा त्यात शब्द नव्हता, काढून घेतल्याचाही नव्हता. साहेब पुढे बरेच दिवस तिला हरिश्चंद्रबाई म्हणत.

आता दोघांना दर गुरुवारी रीतसर संध्याकाळपर्यंत कामावर थांबायचं होतं आणि बदली सुट्टी शुक्रवारची.

"मला तर बसल्या जागी जुम्मा मिळाला," इम्तियाज म्हणाला. "पण तुमची संध्याकाळची आरती बुडणार, ताई."

"सकाळची काकडआरती गाठीन," सुमेधा म्हणाली, आणि फाइल केव्हा तयार होईल ते विचारायला कोठाराकडे निघाली.