पांढरी पाच

आशाला अर्धांगवायूचा झटका आला, त्याला हा चौथा महिना. हात थोडा हलतो, तोंडातून शब्द मात्र येत नाही. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, काही माणसांना बोलता येत नाही पण गाता येतं, तेव्हा रोज जवळ बसून काहीतरी वाजवा. पहिले सहा महिने महत्त्वाचे, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून मी कॅलेंडरकडे बघायचं टाळतो.

पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या भजनी मंडळात मी बावीस वर्षं पेटी वाजवली. पण पेटी मंडळाची, आणि ती पलंगावर मावतही नाही. म्हणून आमच्या स्वप्नालीने तिचं कॉलेजातलं युकुलेले, म्हणजे चार तारांची छोटीशी गिटार, काढलं, नव्या तारा चढवल्या आणि पुण्याला परत गेल्यावर अकरा लिंका पाठवून दिल्या. म्हणे, बाबा, तुम्हाला जमेल तो कोर्स निवडा. त्रेसष्टाव्या वर्षी, बायकोची चादर बदलून झाली की माणसाने कोर्स निवडत बसायचं.

एक पोरगा पाच मिनिटं नुसतं हाय गाईज करत होता. एका अ‍ॅपने शाबासकी म्हणून नाचणारं अस्वल दाखवलं. पुस्तकातल्या बोटांच्या आकृत्या चष्मा लावूनही दिसेनात. शेवटी एक हिंदी मास्तर सापडला. कमी बोलतो, बोटं जवळून दाखवतो, आणि बाकीचे सगळे सी या सुरापासून सुरू करतात तिथे हा जीपासून करतो. जी म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, आमच्या भाषेत पांढरी पाच. आशा नेहमी तिथूनच गायची, इतकी उंच आणि खणखणीत की मंडळातल्या बाकीच्या बायकांना दम लागायचा. मग मी दुसरं काही बघितलंच नाही.

मास्तरचा हट्ट एकच. नव्या तारा सैल पडून सुराच्या खाली उतरतात, रोज आधी त्या सुरात लावा. पेटीवाल्याला ही कटकट माहीत नसते. तरी मी रोज मोबाइलवरचा सूर दाखवणारा काटा हिरवा होईपर्यंत खुंट्या पिळल्या आणि तिच्या आवडीचं भजन वाजवलं. असे तीन आठवडे गेले. ती ओठ उघडायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. मला तिचा राग यायचा. सांगायला लाज वाटते, पण यायचा.

मग तिचं बघणाऱ्या अनसूयाबाई पाच दिवस आल्या नाहीत. युकुलेले खिळ्यावरच राहिलं. सहाव्या दिवशी दुपारी घेऊन बसलो, तेव्हा खुंट्या पिळायचं त्राण नव्हतं. तारा चांगल्याच उतरल्या होत्या. म्हटलं, मरू दे, आणि तशाच छेडल्या.

दुसऱ्या ओळीला आशाचा आवाज आला. जाडा, घोगरा, शब्द अर्धेमुर्धे. शेवटचा ‘देवा’ मात्र पूर्ण आला.

मी हात थांबू दिला नाही. डोळे वाहत होते, ते तसेच वाहू दिले. तीन आठवडे मी तिच्या जुन्या आवाजाला हाका मारत होतो, आणि तिथवर पोचता येत नाही हे ती मला रोज सांगत होती. गाणाऱ्याचा सूर विचारून मग वाजवायला घ्यावं, एवढंही मला बावीस वर्षं साथ करून सुचलं नाही.

संध्याकाळी स्वप्नालीचा फोन आला. मी तो पलंगावर ठेवला आणि वाजवून दाखवलं. पोरीचा कान माझाच.

"बाबा, ट्यूनिंग गेलंय. किती खाली उतरलंय बघा."

"उतरू दे," मी म्हटलं. "तुझी आई आता तिथे गाते."