हात बसलेला नाही

धाकटीनं सुयांचा ट्रे मोठ्या सिस्टरांच्या हातात दिला आणि सात नंबरच्या खाटेकडं बोट दाखवलं.

"यांना सलाईन लावा."

वॉर्डात चोवीस रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांच्या शिरा डोळे मिटूनही सापडल्या असत्या. सात नंबरचे मास्तर मात्र ऐंशीच्या पुढचे, हात म्हणजे नुसती कातडी. आदल्या दिवशी चौघींनी मिळून पाच वेळा टोचलं, तेव्हा कुठं एक सुई टिकली. सकाळी तीही निघाली. "सात नंबरला कुणी हात लावायचा नाही," असं धाकटीनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मास्तरांनी दोनदा विचारलं, "माझं सलाईन?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "लावू हं." तिनं त्यांना राखून ठेवलं होतं. हो, मुद्दाम.

सात वर्षांपूर्वी दुसऱ्या एका इस्पितळात ती साहाय्यक परिचारिका होती आणि मोठ्या सिस्टर तिथल्या प्रमुख. धाकटी हे नाव तिथलंच. चादरी बदलणं, अंग पुसणं तिच्याकडं, आणि नव्या पोरींना शीर सापडेना की हाकही तिलाच. पुढं नोंदणीकृत परिचारिका व्हायचं तर ब्रिज कोर्स करायचा, आणि त्या अर्जावर प्रमुखांचा शेरा लागे. मोठ्या सिस्टरांनी दोन वर्षं ओळीनं एकच शेरा मारला: 'हात बसलेला नाही.' ती दोन वर्षं धाकटी घरी उशीला सुया टोचत बसायची. शेवटी ती नोकरी सोडून तिनं दुसरीकडून कोर्स केला, पण डूख धरला तो धरलाच.

मधल्या काळात नवऱ्याच्या आजारपणात मोठ्या सिस्टर चार वर्षं घरी बसल्या. नवरा गेला आणि नोंदणीही गेली. आता कामावर परतायचं तर पुन्हा परीक्षा, आणि यंदा हुकली तर वयाची अट आडवी येणार. कार्यालयातून त्यांचा अर्ज आला, त्यावर परीक्षक म्हणून नाव धाकटीचं. त्या दिवशी ती गुणगुणत काम करत होती.

मोठ्या सिस्टरांनी मास्तरांच्या दंडाला पट्टा आवळला. मनगटापासून कोपरापर्यंत चाचपून पाहिलं. मग सुई उचलली. मास्तरांनी डोळे गच्च मिटले, तशी सिस्टरांनी ती परत ट्रेमध्ये ठेवली.

"यांना मी नाही टोचणार."

"का?"

"चार वर्षं सुई धरलेली नाही. माझ्या परीक्षेपायी यांनी का सोसायचं? तुम्ही लावा."

"आणि परीक्षा?"

"ती मागून बघू. आधी यांना सलाईन लावा."

धाकटीनं लावलं. पहिल्याच खेपेला शीर मिळाली. मोठ्या सिस्टरांनी न सांगता चिकटपट्टी कापून पुढं केली.

"तेव्हाही बसलेलाच होता तुझा हात," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

धाकटीनं मान वर केली. "मग?"

"तू कोर्सला गेली असतीस तर वॉर्ड कुणी ओढला असता?"

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं खिडकीच्या कट्ट्यावर अर्ज ठेवला आणि पेन दाबून लिहिलं: 'हात बसलेला नाही. पुन्हा परीक्षा एक वर्षानंतर.' खाली सही केली, नोंदणी क्रमांक टाकला.

मोठ्या सिस्टरांनी चष्मा चढवून वाचलं. "बरोबर लिहिलंत," म्हणाल्या, आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

सात वर्षांचा वचपा निघाला होता. धाकटी सलाईनचे थेंब मोजत उभी राहिली.

"सिस्टर," मास्तर म्हणाले, "उद्या त्या बाईंनाच पाठवा."

"त्यांना जमत नाही मास्तर. पाहिलंत ना तुम्ही?"

"पाहिलं की."

"मग?"

"तुम्हाला जमत होतं," मास्तर म्हणाले. "सकाळपासून."