वाढीव दिवस

पेट्रोल पंपावरच्या माणसाने नळी टाकीत अडकवली आणि मोकळ्या हाताने मागचा रस्ता दाखवला.

"ते गाव मागे राहिलं, मावशी. दीपगृहाच्या आधी वळायचं होतं."

"दीपगृहाच्या नंतर येतं ते," खिडकीतून मान बाहेर काढून ती ठामपणे म्हणाली.

"मी तिथलाच आहे," तो म्हणाला. तिने मान आत घेतली.

चूक तिची होती, आणि अशी चूक तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी केली नसती. निवृत्त होईपर्यंत ती पोस्टात गावोगावची पत्रं वेगळी करायचं काम करत होती. समोर भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर एका गावाचं नाव, आणि खालची अख्खी ओळ या किनाऱ्यावरच्या गावांची. त्यातलं एकही गाव तिने पाहिलेलं नव्हतं, पण तिचा हात न बघता नेमक्या खणात जायचा. म्हणून या प्रवासात ती नवऱ्याला नकाशा उघडूच देत नव्हती. आता अमुक गाव येईल, मग तमुक, असं आधीच सांगायची, आणि तसंच झालं की मोठी लढाई जिंकल्यासारखी बसायची. आत्ता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. टपालगाडी त्या एका गावाची थैली परतीच्या वाटेवर टाकत असणार. खण गाडीच्या सोयीने लावलेले होते, समुद्राच्या नव्हे.

तिला हसू आलं. नवऱ्याला सांगावं म्हणून ती वळली, तर तो खाली उतरून समोरची काच पुसत होता. काच स्वच्छ होती. मगाशी चहाला थांबले तेव्हाच त्याने ती पुसली होती.

तिचं हसू ओसरलं. तिला रस्ता ठाऊक नव्हता हे ठीकच. पण त्याला तर तो पाठ होता. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. खाऱ्या वाऱ्याने या किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या लिफ्ट सारख्या कुरकुरायच्या, आणि कंपनी दर वेळी यालाच पाठवायची. ते वळण त्याने नक्की पाहिलं होतं. आणि तिला आता आठवलं, नेमकं त्याच वेळी तो दुसऱ्या बाजूला बोट दाखवून म्हणाला होता, "ते बघ, दीपगृह." तिने बघितलं होतं. चांगलं डोळे भरून बघितलं होतं.

या मागे राहिलेल्या गावाबद्दल तिच्या मनात पाल चुकचुकली ती त्याच्या निरोप समारंभात. त्याचा एक सहकारी भाषणाला उभा राहिला आणि रंगात येऊन म्हणाला, त्या गावचं काम असायचं अर्ध्या दिवसाचं, पण आमचे हे साहेब दोन दिवसांशिवाय परतायचे नाहीत, काय जादू होती कोण जाणे. सगळे हसले. तीही हसली. घरी आल्यावर मात्र तिला एकेक वेळ आठवू लागली. फोनवर तो म्हणायचा, काम अडलंय, उद्या निघतो. ती म्हणायची, बरं. लिफ्टमधलं तिला काय कळणार?

विचारायचं धाडस झालं नाही. निवृत्तीनंतर तिने सुचवलं ते एवढंच, की तुम्ही जन्मभर हिंडलात ती गावं मला एकदा दाखवा. त्याने आनंदाने गाडी धुवून काढली होती.

आणि गावं त्याने दाखवलीही. गंमत अशी की त्याला फक्त हॉटेलांची मागची दारं ठाऊक होती. भटारखान्याकडून कुठे शिरायचं, कोणत्या जिन्याची पायरी तुटकी आहे, कुठल्या रखवालदाराचा कुत्रा चावरा होता, सगळं सांगायचा. पण वाळूकडे जायची वाट कुठली म्हटलं की हा बिचारा रस्त्यावरच्या माणसाला विचारणार. पहिल्या दोन-तीन गावांत तिला हसून हसून पुरेवाट झाली. इतकी वर्षं हा समुद्राची हवा खातोय म्हणून आपण उगाच जळत होतो, असंही तिला वाटलं. मन थोडं हलकं झालं होतं, तेवढ्यात हे वळण चुकलं.

"गाडी मागे फिरवा," तो आत येऊन बसल्यावर ती म्हणाली.

पुढच्या गावात खोली सांगून ठेवलीय, तो पुटपुटला. ती सोडून द्या, ती म्हणाली. त्याने चावी फिरवली. दीपगृह पुन्हा आलं, या वेळी त्याने ते दाखवलं नाही.

गाव छोटंसं निघालं. हंगाम संपलेला, दुकानांच्या फळ्या लागलेल्या, किनाऱ्यावर उलट्या घातलेल्या होड्या आणि एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. समुद्रासमोर उंच असं एकच हॉटेल होतं. काउंटरवरच्या मुलीने त्यांना खोली दिली तेव्हा ती त्या मुलीला निरखत होती. मुलगी जेमतेम विशीतली, ही नसणार. मग गल्ल्यामागे बसलेल्या वयस्कर मालकिणीकडे तिने पाहिलं. मालकिणीने त्याच्याकडे एकदाही मान वर करून बघितलं नाही. न ओळखल्यासारखं करतेय की खरंच ओळखत नाही, काही कळेना. पोस्टात पत्ता पुसट असला तर ती भिंग घ्यायची; इथे भिंगाचाही उपयोग नव्हता.

"वर चल," सामान ठेवल्यावर तोच म्हणाला.

लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच होती. तिथून पुढे लोखंडी जिना. त्याचे गुडघे कुरकुरत होते, तरी तो पुढे झाला आणि वर पोचल्यावर त्याने तिला हात दिला. गच्ची उघडी, मोठी होती. एका कोपऱ्यात पाडलेल्या खोलीच्या भिंतींच्या खुणा दिसत होत्या. लिफ्टचं यंत्र इथे असायचं, तो म्हणाला. नव्या लिफ्टला वरची खोली लागत नाही.

समोर नुसतं पाणी होतं, संध्याकाळचं, करड्या रंगाचं. ती कठड्यापाशी गेली.

"बाई होती का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

तो त्या भिंतींच्या खुणांपाशी गेला. "काम दुपारपर्यंत संपायचं. हत्यारं पुसून पेटीत भरायचो. मग इथेच पेटीवर बसायचो. अंधार पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळीपण."

"कोणाबरोबर?"

"कोणी नाही. बाई असती तर सांगायला सोपं गेलं असतं गं. तू भांडली असतीस, मी माफी मागितली असती. हे कसं सांगायचं? घरी दोन पोरं, तू नोकरी करून दमलेली, आणि मी गच्चीवर नुसता बसलोय. काहीच करत नाहीये."

तिने हिशेब जुळवून पाहिला आणि तिला नको ते आठवलं. "दोघांना कांजिण्या आल्या होत्या. मी शेजारणीच्या हवाली करून ड्युटीला गेले होते. तेव्हा तुम्ही..."

"तेव्हाही."

"आमची आठवण यायची?"

खोटं बोलायला त्याला संधी होती. तिने ती मुद्दाम दिली होती, असंही म्हणता येईल.

"परतीच्या गाडीत यायची. इथे नाही," तो म्हणाला. "इथे कोणाचीच यायची नाही."

ती खाली आली. जेवताना तिने त्याला पाण्याचा पेला पुढे केला, त्याच्या गोळ्या काढून दिल्या, सगळं रोजच्यासारखं केलं. राग आला होता, खूप आला होता. पण रागाला धरायला जागाच सापडेना. बाई असती तर तिचं नाक, डोळे, साडी, काहीतरी मनात आणून जळता आलं असतं. रिकाम्या गच्चीवर कोण जळणार? आणि मुळात हे खरं कशावरून? घर, बायको, पोरं असलेल्या माणसाला असं कोणाचीही आठवण न येता दिवसभर बसता येतं का? तिचा विश्वास बसत नव्हता. हा अजून काहीतरी हातचं राखून बोलतोय असंच तिला वाटत होतं.

सकाळी तिने पायांत चपला सरकवल्या आणि सांगितलं, आज तुम्ही इथेच थांबा, मी एकटी जाऊन येते. तो उठून बसला.

ती उलट्या होड्यांच्या पलीकडे गेली आणि ओढणी अंथरून वाळूवर बसली. चला, आता बघूच, असं तिने स्वतःला बजावलं. आणि लगेच घर डोक्यात शिरलं. त्याने सकाळची गोळी घेतली असेल का? मुलीला कालपासून फोन नाही. गॅसचं बटण बंद केलं होतं ना? मुलाच्या धाकटीची परीक्षा कधी? एक विचार हाकलला की त्याच्या जागी दुसरा हजर. नाहीच जमत, ती मनाशी म्हणाली. या शोधाचा तिला आनंदच झाला. सापडला चोर.

थोड्या अंतरावर एक माणूस होडीच्या तळाचा जुना रंग खरवडत होता. त्याच्या हातातल्या पत्र्याचा खरखर आवाज येत होता. पोपडे खाली पडले की वारा ते उडवून न्यायचा, निळे, मग त्याच्याखालचे हिरवे, मग लाल. या होडीचा पहिला रंग कुठला असेल, हे बघावं म्हणून ती बघत राहिली. लालच्या खाली पुन्हा निळा निघाला. एक खेकडा बिळातून बाहेर आला, वाळूची गोळी टाकून आत गेला, पुन्हा आला. पाणी मागे हटलं तेव्हा वाळूवर बारीक रेषा उमटल्या, त्यांच्यावर दुसऱ्या रेषा आल्या.

पावलांना गार लागलं तेव्हा ती दचकली. पाणी थेट तिच्यापर्यंत आलं होतं. रंग खरवडणारा माणूस निघून गेला होता, होडीची सावली दुसऱ्या बाजूला पडली होती. तिला सडकून भूक लागली होती. इतका वेळ आपल्या मनात कोण होतं, ते तिने आठवून पाहिलं. कोणीच सापडलं नाही. नवरा नाही, मुलगी नाही, नातवंडंही नाहीत.

पिशवीतला फोन वाजला. त्याचाच होता.

"अगं, जेवायला येतेस ना?"

येते, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. तिला खरं तर इतकंच सांगायचं होतं, की मला पटलं. पण ती बोलली ते भलतंच.

"नाही हो. इथे पोस्टातली एक जुनी मैत्रीण भेटलीय. तिच्याबरोबरच खाते काहीतरी. मला उशीर होईल."

या गावात तिचं ओळखीचं चिटपाखरू नव्हतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"बरं," तो म्हणाला. "सावकाश ये."

तिने फोन पिशवीच्या तळाशी टाकला. ओढणी झटकली, पाण्यापासून चार पावलं मागे कोरडी वाळू बघून पुन्हा अंथरली, आणि बसली.