माझ्या तारा पुसू नका

मी एक जुनी बेस गिटार आहे. चार जाड तारा, ओरखडलेले लाकडी अंग आणि वाईट स्वभाव, एवढेच माझ्याकडे आहे. मित्रांनो, एवढ्यावर ऐकायचे असेल तर ऐका, नाहीतर चालू लागा.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखे काही नाही. खरी सुरुवात डेटन शहरात, वेस्ट थर्ड स्ट्रीटवरच्या गहाणवटीच्या दुकानात झाली. ओथा पेटिग्रूने मला तिथून उचलले. तो फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, काम करायचा. त्याच्या बोटांतले काळे तेल साबणाने निघत नसे. ते तेल घामासकट माझ्या तारांत मुरले. तारा पार मेल्या, आणि त्यांतूनच तो जाड, छातीवर धपकन बसणारा आवाज निघाला. आमची अख्खी वस्ती, वेस्ट साइड, त्यावर नाचली. फंक म्हणजे आमचे ठेक्यावर नाचवणारे संगीत; आम्हा फंकवाल्यांत तारा बदलणे म्हणजे मुरलेले लोणचे धुऊन खाणे.

ओथा गाणीही माझ्यावरच रचायचा. शब्द मागून यायचे. सर्वांत गाजलेले गाणे त्याने अख्ख्या वस्तीला जेवू घालणाऱ्या मिस अर्नेस्टीनच्या स्वयंपाकघरात बसून रचले, ती मासे तळत असताना. तबकडी निघाली तेव्हा त्यावर गाणे रचणारा म्हणून नाव छापले होते लुशस टार्व्हरचे.

लुशस आमच्या बँडचा गायक. दिसायला देखणा, गळा बरा, तालात ठार बावळट. फंकचा सगळा जीव समेवर असतो, आणि लुशसला सम कधी सापडलीच नाही. ओथा हनुवटी हलवायचा, मग हा तोंड उघडायचा. लोकांना वाटे, काय ऐटीत सुरुवात करतो!

पुढे लांबलांबच्या शहरांतल्या पोरांनी माझी ती सुरावट उचलली, आपल्या गाण्यांखाली घातली आणि आभार मानले लुशसचे. ओथा आपला खाली मान घालून फाउंड्रीत जात राहिला. मला लुशसचा राग यायचा, पण ओथाचा जास्त यायचा.

मग वेस्ट साइडच्या सभागृहात लुशसचा सत्कार ठरला. ओथाला साथीला बोलावले. साथीला! तो आता म्हातारा झाला होता, बोटे सुजायची. सत्काराच्या आदल्या दिवशी तो मला मांडीवर घेऊन म्हणाला, "गाणं कुणाचं, ते उद्या वेस्ट साइडला कळलंच पाहिजे. परत काही आपल्याला स्टेज मिळत नाही."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची लेक जोनेल मला गुपचूप वाद्यांच्या दुकानात घेऊन गेली. बापाला खूश करायचे होते तिला. तिथल्या माणसाने मला घासले, पॉलिश केले, जुन्या तारा कापून फेकल्या आणि नव्या चढवल्या. मी त्याला जे शाप दिले ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

सभागृहात ओथाने माझी पेटी उघडली आणि एक स्वर वाजवला. टिंग! फरशीवर चमचा पडावा तसा.

"जोनेल, हे काय केलंस गं?"

"डॅडी, किती घाण होती ती! म्हटलं, आज तरी जरा..."

"घाण? अगं, ती जमवायला माझी जवानी गेली!"

पांढऱ्या सुटातला लुशस फिदीफिदी हसला. "ओथा, व्हायोलिन आणलंस का रे? असू दे, असू दे. आज तुझ्याकडे बघतंय कोण?"

जोनेलला रडू फुटले. तेवढ्यात मागच्या स्वयंपाकघरातून मिस अर्नेस्टीन बाहेर आली. सत्काराच्या जेवणासाठी ती मासेच तळत होती.

"ए लुशस, तोंड आवर," ती म्हणाली आणि तिने ओथापुढे तेलात निथळणाऱ्या माशांची ताटली आदळली. "घे. खायला नव्हे रे, शहाण्या. बोटं बुडव."

ओथाने ते गरम तेल माझ्या नव्याकोऱ्या तारांना खालपासून वरपर्यंत चोळले. टिंगटिंग दबावी म्हणून तारांखाली कागदी रुमालाची घडी कोंबली. मग वाजवले. धप्प. जुना आवाज नव्हता तो, पण त्याचा सख्खा भाऊ होता.

गाणे सुरू झाले. लुशसने माइक धरला आणि सवयीने ओथाच्या हनुवटीकडे पाहिले.

ओथाने त्याच्याकडे पाठ फिरवली.

लुशस लवकर सुरू झाला, अडखळला, थांबला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा चुकला. पुढच्या रांगेतल्या बायका हसू लागल्या. मी आपली फिरून फिरून समेवर धपके घालत होते, आणि खरे सांगते, इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"का रे लुशस," मिस अर्नेस्टीन स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "स्वतःच्याच गाण्यात शिरायचं दार सापडेना होय तुला?"

"हा मुद्दाम करतोय!" लुशस किंचाळला.

"हो," ओथा म्हणाला. "जोनेल, ये. तू गा."

जोनेल डोळे पुसत स्टेजवर चढली. हे गाणे ऐकतच ती रांगायला शिकली होती. तिने बापाकडे पाहिलेसुद्धा नाही. बरोबर समेवर उतरली. अख्खे सभागृह उठून उभे राहिले.

तबकडीवर आजही लुशसचेच नाव आहे. वेस्ट साइडवर मात्र आता सगळे त्या गाण्याला 'ओथाचं गाणं' म्हणतात. ओथा गेला. मी जोनेलच्या घरी भिंतीवर असते. कुणी पाहुणा फडके घेऊन जवळ आला की ती त्याच्या हातावर चापट मारते.

मित्रांनो, वस्तू स्वच्छ ठेवा असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगते, पुसण्याआधी विचारा, की हे कुणाच्या हाताचे आहे. माझ्या तारांना अजून माशांचा वास येतो. येऊ दे. तुमचे फडके लांब ठेवा.