नवव्या शाफ्टचा ओला कीस

आठवा शाफ्ट उस्तादांनी लेथवरून उतरवला, फडक्यात धरून सुनेच्या हातात दिला आणि ती मोजायला टेबलाकडे वळताच नववा चढवला. धातू कापणाऱ्या कार्बाइडच्या एका टिपेवर, पाणी न सोडता, बारा शाफ्ट काढून दाखवायचे, असं ठरलं होतं. ठरलं कसलं, मालकांनी दिलेली शेवटची संधीच ती. निघाले तर टिप थंड ठेवणाऱ्या पाण्याची, कूलंटची टाकी कायमची बंद. नाही निघाले तर टाकी पुन्हा भरायची, आणि सूनबाईंनी आपल्या कल्पना घरी ठेवायच्या.

तीस वर्षं उस्तादांचे हात त्या टाकीच्या पांढऱ्या पाण्यात भिजले होते. तळव्यांना अशा भेगा, की शर्टाचं बटण लावायचं म्हणजे शिक्षा. डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, एक तर ते पाणी सोडा, नाहीतर लेथ सोडा. आता लेथ सोडून माणसानं करायचं काय, भिंतीशी गप्पा मारायच्या?

सून याच कारखान्यात इंजिनिअर. तिनं मालकांना सांगितलेली कारणं वेगळीच होती आणि सगळी खरी होती. महिन्याला चार पिंपं पाणी सडतं, ते कुठे ओतायची सोय नाही, लोखंडाचा तेलकट ओला कीस घ्यायला भट्टीवाले नाक मुरडतात. त्याऐवजी तिनं बोटभर नळी बसवली होती. तिच्यातून कॉम्प्रेसरच्या वाऱ्याबरोबर तेलाचा बारीक तुषार टिपेवर बसायचा आणि वाटीभर तेलात अख्खी पाळी निघायची. सासऱ्यांच्या हातांबद्दल मात्र ती चकार शब्द बोलली नव्हती. रोज सकाळी चहाबरोबर मलमाची डबी तेवढी पुढे सरकवायची.

आज काम सुरू करताना तिनं एकच अट घातली होती.

"बाबा, काही झालं तरी पाण्याच्या नळाला हात लावू नका. टिप तापली तर तापू द्या. तापलेल्या टिपेवर पाणी पडलं, तर ती तडकणार."

उस्तादांनी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातंय!

नवव्या शाफ्टवर धूर निघाला. फार नाही, उदबत्तीइतका. कीस निळा पडत गेला. उष्णता किसाबरोबर निघून जाते, म्हणून तो निळाच पडणार, हे सुनेनं दहादा समजावलं होतं. उस्तादांच्या डोक्याला ते पटलंही होतं. पण हात डोक्याला विचारून थोडेच चालतात? तीस वर्षांत धूर दिसला की डावा हात नळावर गेला होता, तसा तो आजही गेला. टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्याची धार टिपेवर पडली, चर्र झालं. उस्तादांनी दचकून नळ बंद केला आणि मागे पाहिलं. सून मायक्रोमीटरवर वाकलेली होती. कॉम्प्रेसरच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नव्हतं.

नववा निघाला. दहावाही निघाला. उस्तादांच्या कपाळावर घाम होता आणि मनात देवाचा धावा. अकराव्याच्या मध्यावर लेथचा आवाज बदलला. खरवडल्यासारखा. त्यांनी मशीन थांबवलं. टिपेचा कोपरा उडाला होता आणि शाफ्टवर खोल ओरखडा पडला होता.

केबिनमधून मालक आले. टिप उचलून त्यांनी उजेडात धरली, खाली ठेवली आणि म्हणाले, प्रयत्न चांगला होता, पण आता पुरे. उद्या टाकी भरून घ्या.

 सून आकडी घेऊन लेथखालचा ट्रे उपसू लागली. वर निळा, कोरडा, खुळखुळणारा कीस. त्याखाली मूठभर कीस पांढऱ्या पाण्यानं चिकटलेला. तिची आकडी तिथेच थांबली. तिनं वर पाहिलं, ते सासऱ्यांच्या तोंडाकडे नाही, हातांकडे. मग आकडीनं तो ओला गोळा ट्रेच्या मागच्या कोपऱ्यात ढकलला आणि त्यावर कोरडा कीस ओढला.

"टिप निवडताना माझंच चुकलं, साहेब," ती म्हणाली.

 सहा महिने या नळीसाठी राबलेली पोर, एका वाक्यात सगळं स्वतःवर घेऊन मोकळी झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण उस्तादांची मूठ भेगांमुळे धड मिटतही नव्हती.

मालक केबिनकडे वळले. उस्तादांनी पाना घेतला. नळाच्या दांडीचा नट गंजलेला होता, दोनदा पाना निसटला, बोटाची भेग उलली. तिसऱ्या झटक्याला नट सुटला. दांडी उपसून, रक्ताचं बोट फडक्यात गुंडाळून ते मालकांच्या आडवे उभे राहिले.

"नवव्या शाफ्टला मी पाणी सोडलं होतं. ट्रेमध्ये बघा, कोपऱ्यात ओला कीस आहे. पोरीचं काही चुकलेलं नाही."

मालकांनी सुनेकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"तुम्ही? अहो उस्ताद, तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. पुन्हा सांगितलंत तरी पुन्हा सोडीन. हाताला खोडच लागलीय." त्यांनी दांडी पुढे केली. "म्हणून ही तुमच्याकडे ठेवा. हिच्याशिवाय नळ फिरत नाही."

मालकांनी दांडी घेतली. फडक्याबाहेर आलेल्या बोटांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि तिथेच राहिलं. इतक्या वर्षांत ते हात त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिले असावेत. त्यांनी दांडी खिशात टाकली, एक स्टूल ओढलं आणि ते लेथसमोर बसले.

सुनेनं खणातून नवी टिप काढली.

"बाबा, आधी बोटाला पट्टी," ती म्हणाली. "मग पहिल्यापासून."