सहाणेवरची फाइल

प्रकार: आंबा पत्रिका

मुख्य कीड: पिस्टन.
फवारणी: दर हंगामात इंजिन ऑइल बदलावे.
काढणी: प्रोपेलर उलटा फिरवून, अलगद.

थांबा. हे चुकीच्या प्रकारात उघडलं. बंद करून पुन्हा उघडू.

प्रकार: गोष्ट

होडीच्या इंजिनाचं माहितीपत्रक पडद्यावर असं आंब्याच्या थाटात उघडलं, तेव्हा संस्कृतीने ते झटकन बंद केलं. चार वाजता पुण्याहून योगिनी मॅडम ऑनलाइन येऊन काम बघणार होत्या. पसंत पडलं तर संस्कृती रत्नागिरीच्या मांडवीतल्या ह्याच तीन टेबलांच्या ऑफिसात कायम. नाहीतर सोमवारपासून पुणं, मावसबहिणीच्या हॉलमध्ये गादी. आणि तिने तर कालच आईला सांगून टाकलं होतं, "ती मोठी बॅग माळ्यावर टाक."

दोष कुठे आहे ते तिला कळत होतं. एक्सएमएल एडिटर फाइल उघडताना नियम लावून बघतो. हिचा मूळ घटक, म्हणजे सगळ्यांत बाहेरची खूण कोणती, फाइलीचं नाव काय, यावरून ही आंब्याची पत्रिका की इंजिनाचं पत्रक ते ठरवतो आणि तसे मथळे चढवतो. एका फाइलीला दोन नियम लागू पडले की प्राधान्य बघतो: उच्च, साधारण, कमी.

आंब्याचं काम बघणाऱ्या गुरुप्रसादने आपल्या नियमात 'मूळ घटक कोणताही' असं लिहून वर त्याला 'उच्च' दिलं होतं. इंजिनांचं बघणाऱ्या शमीमनेही 'उच्च'. बरोबरी झाली की यादीत वर असेल तो जिंकणार. वर गुरुप्रसाद.

"गुरूदादा, तुमचा नियम 'कमी' करूया?"

गुरुप्रसादच्या हातातला चहा तिथेच थांबला. "कमी? शिमग्यात पालखीला पहिला खांदा आमचा असतो. गावात जाऊन विचार."

"दादा, हे सॉफ्टवेअर आहे."

"मान तो मान. हिला कर कमी."

"मला कशाला?" शमीम उसळली. "माझे अब्बा बोट घेऊन मस्कतला जायचे."

"बोट काय, कुणीपण नेतो."

"मग पालखी काय क्रेनने उचलता?"

संस्कृतीने घड्याळ पाहिलं. दोघांनाही 'साधारण' देऊन उपयोग नव्हता. भांडण तेच राहिलं असतं, फक्त खालच्या आवाजात.

"दादा," ती म्हणाली, "सगळी घरं फिरून झाली की पालखी कुठे बसते?"

"सहाणेवर. त्या चौथऱ्यावर टेकल्याशिवाय देव देवळात जातो होय?"

"आणि सहाण कुणाच्या आवारात?"

"आमच्या!"

"हां. तर 'कमी' म्हणजे सहाण. जिला कुठल्याच घरी जागा नाही, ती फाइल शेवटी तुमच्याकडे येऊन बसणार."

गुरुप्रसादने चहाचा घोट घेतला. "कुठलीही?"

"कुठलीही."

"मग लिही. आणि टिपेत 'सहाण' असंही लिही."

नियम: इंजिन. फाइलीचं नाव 'इंजिन'ने सुरू होत असेल तर. प्राधान्य: उच्च.
नियम: आंबा. मूळ घटक कोणताही. प्राधान्य: कमी. टीप: सहाण.

"म्हणजे उरलंसुरलं सगळं ह्याचं?" शमीम हसली. "नको गो बाई. मला माझी इंजिनं पुरे."

चार वाजले. इंजिन इंजिनासारखं उघडलं. आंबा आंब्यासारखा. योगिनी मॅडमनी मान हलवली आणि म्हणाल्या, "आता मी एक पाठवतेय, तीही उघडा."

संस्कृतीने उघडली. फाइल इंजिनाची नव्हती, आंब्याचीही नव्हती. ती इंजिनाच्या दारावरून पुढे गेली आणि थेट सहाणेवर जाऊन बसली.

प्रकार: आंबा पत्रिका

कलमाचे नाव: संस्कृती भाटकर.
लागवडीचे ठिकाण: रत्नागिरी, कायम.
खत: दर महिन्याच्या एक तारखेला.
फळधारणा: वर्षभराने तपासली जाईल.

मॅडमनी ते पुण्याहून एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"ते तुमचं नेमणुकीचं पत्र होतं," योगिनी मॅडम म्हणाल्या.

संस्कृतीच्या डोळ्यांसमोर माळ्यावरची बॅग पुन्हा खाली उतरली. "मॅडम, पत्रांसाठी अजून नियमच नाही केला. मी लगेच—"

"लगेच नको. सोमवारी करा." मॅडमना हसू आवरत नव्हतं. "तिथूनच करा."

तेवढ्यात गुरुप्रसादने कॅमेऱ्यासमोर मान घातली.

"मॅडम, पत्राला काय ते उच्च द्या, साधारण द्या. फक्त 'कमी' देऊ नका हां. ते आमचं आहे."