कच्चं फुटेज

बाळापुरात लग्नाचं शूटिंग म्हटलं की सरफराजचंच नाव निघायचं. हिंदूंचं असो की मुसलमानांचं, मांडवात कॅमेरा त्याचा. पण पावसानं लागोपाठ दगा दिला, सोयाबीन गेलं, आणि लग्नं आटली. उलट जुन्या लग्नांच्या सीडी मागायला माणसं येऊ लागली. कुणाची घासलेली, कुणाची हरवलेली. आणि बरेचदा सीडीतला नवरदेवच गेलेला असायचा. हार घालायला घरात धड फोटो नसायचा.

अशातच सरफराजची एक हार्ड डिस्क टकटक वाजून बंद पडली. त्यातली लग्नं गेली ती गेलीच.

त्याची बायको निखत शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. ती म्हणाली, "असं सुट्ट्या डिस्कवर किती दिवस ठेवसान? घरीच छोटा सर्व्हर बसवू, सगळं एका जागी राहीन."

दोघं अकोल्याला गेले. दुकानदारानं घरघर करणारं मोठं यंत्र पुढं केलं. निखतनं ते नाकारलं. आठ-आठ तास लाइट नसते, इन्व्हर्टर त्याला पुरणार नाही. तिनं डब्याएवढी, वीज कमी खाणारी मशीन निवडली. विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं ठरवलं. फुकट मिळतं आणि महिनोन्‌महिने चालू राहतं.

"मले त्यातलं काही समजत नाही," सरफराज म्हणाला.

"तुमाले फक्त एक फोल्डर दिसन."

अडलं ते डिस्कवर. दोन डिस्क लावायच्या, दोन्हीवर तेच साठवायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरी राहते. मोठ्या दोन घेणं परवडत नव्हतं. निखत म्हणाली, "सध्या एकच मोठी घेऊ, दुसरी मागून." पण सरफराज पोळलेला होता. त्यानं दोन लहान घेतल्या. त्यात सगळं मावणार नव्हतं.

"कच्चं फुटेज कोण पायते? सीडीत गेलं तेवढंच ठेवतो."

"पुसू नका. एका डिस्कवरून पुसलं का दुसरीवरूनही जाते, ध्यानात ठेवा."

त्यानं पुसलं. जुन्या डिस्कही मोकळ्या करून नव्या कामाला लावल्या.

पुढे श्रावणात माणिकबाई आली. बाजारात भाजी विकणारी. तिचा मुलगा शुभम फवारणीचं औषध पिऊन गेला, त्याला महिना झाला होता.

"फोटो हाय घरी," ती म्हणाली. "मले त्याचा आवाज पायजे. हळदीच्या दिवशी तो माह्या कानात बोलला होता. तू कॅमेरा धरून जवळच उभा होता, सरफराजभाऊ."

त्यानं शुभमच्या लग्नाची फिल्म लावली. हळदीनं माखलेला शुभम आईकडे वाकला, काहीतरी बोलला. ती हसली, त्याच्या पाठीत धपाटा घातला. वर एडिटिंगमध्ये टाकलेलं सिनेमाचं गाणं वाजत होतं.

"गाणं बंद कर न."

"गाण्याच्या खाली आवाज नाही, मावशी."

"कावून नाही?"

"होता. कच्च्या फुटेजमधी. मी ते पुसलं."

माणिकबाई रागावली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "काय बोलला होता, मले आठवूनच नाही राहिलं. म्हणून तर आली."

सरफराजनं आवाज बंद करून तोच तुकडा पुन्हा लावला. शुभमचे ओठ हलले. ती स्क्रीनजवळ सरकली.

"भूक लागली म्हणते का तो?"

त्यानं आणखी एकदा लावला.

निखतनं पुसलेलं परत काढायचं एक सॉफ्टवेअर आणून जुन्या-नव्या सगळ्या डिस्क तपासल्या. हाती आले ते करडे चौकोन आणि कुठल्याशा मांडवाचा कोपरा. माणिकबाई पुढच्या बाजारालाही आली, तोच मुका तुकडा पाहून गेली. त्यानंतर आली नाही.

सरफराजनं आपल्या दोन कॅमेऱ्यांतला एक विकून मोठी डिस्क घेतली. आता तो काहीच पुसत नव्हता. पण त्या सालभरात ती डिस्क चतकोरही भरली नाही. लग्नंच मिळाली नाहीत.